सेगफॉल्ट पकडून पुढे चालू नका: मेमरीत कोसळलेला इंटरप्रिटर परत कसा उभा करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही चौघं फायनल इयरचे, सी मध्ये एक छोटा इंटरप्रिटर (दुसऱ्याचा प्रोग्राम वाचून तिथल्या तिथे चालवणारा प्रोग्राम) लिहिलाय, कीवर्ड मराठीत, जर, नाहीतर, जोवर असे, आणि हिंगण्याकडच्या एका शाळेच्या लॅबमध्ये सातवी-आठवीचे पोट्टे त्यावर प्रोग्रामिंग शिकून राहिले आहेत. चित्र काढायची खिडकी वेगळ्या थ्रेडवर आहे, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये शेजारी चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर. एका पोरीने लूपमध्ये यादी वाढवत नेली आणि बरोबर ६५,५३७वा घटक टाकताना सगळा इंटरप्रिटर बंद पडला, तिचं तासाभराचं काम गेलं. मग तुम्ही सिगसेगव्ही सिग्नलला, म्हणजे भलत्या पत्त्यावर हात घातल्यावर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पाठवतो त्या इशाऱ्याला, हँडलर (इशारा आल्यावर चालणारं फंक्शन) लावला आणि त्यातून लाँगजंप मारून, म्हणजे आधी सेटजंपने खूण केलेल्या जागी थेट उडी मारून, परत प्रॉम्प्टवर आणलं. आता पहिल्यांदा कोसळला की वाचतो, दुसऱ्यांदा हमखास मरतो, आणि कधीकधी नुसता लटकतो. पायथॉनमध्ये मेमरी एरर आला तरी प्रॉम्प्ट जागेवर राहतो, मग आपल्याकडे काऊन नाही, असं विचारलंय.

आधी उत्तर सांगतो, मग कारण. मेमरी संपली तर त्याच प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या प्रोग्राममध्ये) नीट परत येता येतं, पण त्याची तयारी आधीपासून करून ठेवावी लागते. स्टॅक (चालू फंक्शन कॉलचा हिशोब ठेवायची जागा) संपला तरी येता येतं, फंक्शनच्या आत फंक्शन किती खोल गेलंय ते मोजत राहिलात तर. पण सेगफॉल्ट झाला, म्हणजे इंटरप्रिटरने स्वतःच्या चुकीने भलत्या पत्त्यावर हात घातला, तर त्या प्रोसेसमध्ये राहून सावरायला जाऊ नका, ती प्रोसेस मरू द्या आणि पोराचं काम बाहेरून वाचवा. तो लाँगजंपवाला हँडलर आजच काढा. पुढच्या लॅबच्या आधी काढा, कारण तो आत्ता तुमचा बग झाकून राहिलाय आणि पोरांच्या फाइली बिघडवायची पूर्ण ताकद त्याच्यात आहे.

आता तुमचा नेमका क्रॅश बघू, कारण तो मेमरी संपल्याचा नाहीच. तुमची एक व्हॅल्यू १६ बाइटची आहे, म्हणजे ६५,५३६ घटक झाले १०,४८,५७६ बाइट, पूर्ण एक एमबी. ४ जीबीच्या मशीनवर एक एमबीला मेमरी संपत नसते. पण आकडा बघा, ६५,५३६ हा दोनाचा सोळावा घात आहे आणि क्रॅश त्याच्या पुढच्या एकावर आहे. तुमची यादी भरली की जागा दुप्पट करते, म्हणजे नेमका तिथे रियलॉक (घेतलेली जागा मोठी करून मागणारं सी चं फंक्शन) होतोय. प्रश्नाखाली तुम्ही जो जोडण्याचा कोड दिलाय त्यात आधी यादीच्या घटकांचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) एका लोकल व्हेरिएबलमध्ये घेतलाय, मग जोडायची किंमत इव्हॅल्युएट केलीय, म्हणजे हिशोब करून काढलीय, आणि मग त्या लोकल पॉइंटरमधून लिहिलंय. पोरीच्या प्रोग्राममध्ये ती किंमत एका फंक्शनमधून येते आणि ते फंक्शन स्वतःच त्याच यादीत काहीतरी जोडतं. झालं. आतल्या जोडण्याने रियलॉक केला, यादी दुसरीकडे गेली, आणि बाहेरचा कोड जुना पत्ता धरून बसलाय.

मग लहान यादीला हे काऊन होत नाही? होतं, फक्त दिसत नाही. ग्लिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, साधारण १२८ केबीच्या खालच्या जागा हीपमधून (प्रोसेसकडच्या सामाईक साठ्यातून) येतात, त्या सोडल्या तरी ते पान (मेमरीचा तो तुकडा) बहुतेकदा प्रोसेसकडेच राहतं, त्यामुळे जुन्या पत्त्यावर लिहिलं तरी कोणी ओरडत नाही, तुम्ही गुपचूप दुसऱ्या कोणाच्या तरी जागेत किंवा मॅलॉकच्या (मेमरी देणाऱ्या सी च्या फंक्शनच्या) स्वतःच्या हिशोबात लिहून येता. मोठ्या जागा मात्र कर्नलकडून वेगळ्या मॅप करून येतात, वाढवताना शेजारी जागा असली तर तिथेच वाढतात, नसली तर कर्नल त्या उचलून दुसरीकडे नेतो आणि जुना पत्ता त्या क्षणी रिकामा होतो. तिथे हात लावला की सेगफॉल्ट. म्हणजे त्या पोरीचं नशीब चांगलं की तिचा प्रोग्राम कोसळला, ज्यांच्या याद्या दहा-वीस घटकांच्या होत्या त्यांची चुकीची उत्तरं कोणाला कळलीसुद्धा नसतील.

हे नुसतं माझ्या सांगण्यावर सोडू नका. जीसीसी किंवा क्लँग कंपायलरला ॲड्रेस सॅनिटायझरचा (चुकीचा मेमरी वापर पकडणारा) पर्याय देऊन इंटरप्रिटर परत बिल्ड करा आणि तोच प्रोग्राम चालवा. पहिल्याच गडबडीला तो थांबेल, कुठल्या ओळीत लिहिलं, ती जागा कुठल्या ओळीत सोडली गेली, मुळात कुठे घेतली होती, तिन्ही स्टॅक ट्रेस समोर टाकेल. लहान यादीलाही पकडेल. दुरुस्ती सोपी आहे, किंमत आधी इव्हॅल्युएट करा, यादीचा पॉइंटर त्याच्यानंतर घ्या. आणि मग पूर्ण कोडमध्ये जिथे जिथे आतला पॉइंटर हातात धरून मधे कुठलंही इव्हॅल्युएशन होतंय त्या सगळ्या जागा शोधा, एक सापडली म्हणजे अजून असणारच, इंडेक्स असाइनमेंट आणि डिक्शनरीमध्ये तर हमखास बघा.

अजून एक सवय लावून घ्या. डीबग बिल्डमध्ये सोडलेली मेमरी एका ठरलेल्या बाइटने भरून टाकत जा. पायथॉनचा डीबग अलोकेटर (मेमरी देणारा-घेणारा भाग) हेच करतो, ३.८ पासून सोडलेल्या जागेत हेक्समधला डीडी भरतो. मग क्रॅश झाल्यावर जीडीबी या डीबगरमध्ये रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागा) बघितले की एखाद्यात ओळीने डीडी डीडी डीडी दिसतं आणि लगेच कळतं की सोडलेल्या ऑब्जेक्टमधून पॉइंटर वाचला गेलाय. इथे एक गंमत नव्या माणसाला फार फिरवते: ६४ बिटच्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर असला पत्ता मुळात वैधच नसतो, म्हणून कर्नल सिग्नलसोबत जो फॉल्टचा पत्ता देतो तो शून्य येतो. लोक तो शून्य बघून नल पॉइंटर शोधत बसतात, जो तिथे नसतोच. पत्त्यावर जाऊ नका, रजिस्टर बघा.

आता हँडलरबद्दल. तुमच्या तिन्ही लक्षणांची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

दुसऱ्यांदा हमखास मरतो ते यामुळे की हँडलर चालू असताना कर्नल तोच सिग्नल ब्लॉक करून ठेवतो, हँडलरमधून सरळ परतलात की उघडतो. तुम्ही परतलाच नाहीत, लाँगजंप मारून निघून गेलात, आणि लिनक्सवर साधा सेटजंप सिग्नल मास्क (कुठले सिग्नल ब्लॉक आहेत त्याची यादी) जपून ठेवत नाही, त्यामुळे सिगसेगव्ही कायमचा ब्लॉक राहिला. ब्लॉक असताना खरा सेगफॉल्ट आला तर कर्नल विचारत बसत नाही, प्रोसेस तिथेच मारतो. यावर कोणीतरी तुम्हाला सांगेल की सिगसेटजंप आणि सिगलाँगजंप वापरा, मास्क परत येईल. येईल, आणि तुमचा हँडलर जास्त वेळा चालेल, म्हणजे नुकसानही जास्त वेळा होईल.

लटकतो ते चित्राच्या थ्रेडमुळे. एकापेक्षा जास्त थ्रेड असले की मॅलॉकला आतून लॉक घ्यावं लागतं, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड हिशोबाला हात लावेल. हीपचा हिशोब बिघडलेला असताना क्रॅश मॅलॉकच्या आतच झाला तर ते लॉक घेतलेलं असतं, तुम्ही उडी मारून बाहेर आलात, ते सोडणार कोण? छोट्या मागण्या थ्रेडच्या स्वतःच्या साठ्यातून भागतात म्हणून काही वेळ सगळं बरोबर वाटतं, आणि मग एखादी मागणी लॉकपर्यंत पोचली की इंटरप्रिटर स्वतःच घेतलेल्या लॉकची वाट बघत बसतो. जन्मभर.

आणि पहिल्यांदा वाचतो, तेच सगळ्यात वाईट आहे. यादी वाढवताना समजा आधी क्षमता २,०४८ लिहिली आणि मग जागा मागितली, आणि त्या दोन ओळींच्या मधे उडी बसली. आता यादी म्हणते माझ्याकडे २,०४८ ची जागा आहे आणि खरी जागा १,०२४ ची. पुढचे १,०२४ घटक कोणाच्या तरी डोक्यावर लिहिले जाणार, आणि मग पोरगं सेव्ह दाबणार. एका धरमकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी नेमकं हेच बघितलंय, त्यात आतमध्ये स्क्रिप्ट चालवणारा इंटरप्रिटर होता आणि कोणीतरी असाच हँडलर लावून ठेवला होता, की गाड्यांची लाइन थांबायला नको. लाइन थांबली नाही. एका ट्रकचं टेअर वजन (रिकाम्या गाडीचं वजन) दुसऱ्याच्या पावतीवर छापून जात होतं आणि संत्र्याच्या सीझनमध्ये व्यापारी आणि ड्रायव्हर भांडत होते, कितीतरी दिवस सगळ्यांना वाटत होतं की काटाच खराब आहे. कोसळला असता तर त्याच दिवशी सापडलं असतं.

पायथॉनच्या सिग्नल मॉड्यूलच्या डॉक्युमेंटेशनमध्येही स्पष्ट लिहिलंय की सी कोडमधल्या चुकीने आलेला सिगसेगव्ही पायथॉनमधून पकडण्यात अर्थ नाही, कारण हँडलर परतला की तीच इन्स्ट्रक्शन परत चालते, परत तोच सिग्नल, आणि प्रोग्राम लटकल्यासारखा दिसतो. त्यांनी त्याऐवजी ३.३ मध्ये, म्हणजे २०१२ मध्ये, फॉल्टहँडलर नावाचं मॉड्यूल आणलं, व्हिक्टर स्टिनरने लिहिलेलं, ते सेगफॉल्ट आल्यावर पायथॉनच्या कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत होतो एवढं छापतं आणि प्रोसेसला मरू देतं. हे छापायला ते मॅलॉक वापरत नाही, प्रिंटएफ वापरत नाही, थेट राइट कॉल करतं, कारण हँडलरमध्ये तेवढंच सुरक्षित असतं. तुमच्या हँडलरने एवढंच करावं, चालू ओळीचा नंबर एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवा, हँडलरने तो राइटने लिहावा, सिग्नल परत डीफॉल्ट करावा आणि मरावं. आर भाषा सेगफॉल्टवर वापरणाऱ्याला पर्याय देते, कोअर डंप (मेमरीची नक्कल) घेऊन मर, वर्कस्पेस सेव्ह करून बाहेर पड, सेव्ह न करता बाहेर पड, असे, पण बघा, ‘पुढे चालू ठेव’ हा पर्याय त्यात नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल की जावा आणि गो तर सेगफॉल्ट पकडतात. पकडतात, खरं आहे. जावाचं हॉटस्पॉट नल तपासायची इन्स्ट्रक्शन वाचवायला मुद्दाम सेगफॉल्ट होऊ देतं आणि त्याचा नल पॉइंटर एक्सेप्शन करतं, गो त्याचं पॅनिक करतं. पण तिथे तो मशीन कोड त्यांच्याच कंपायलरने बनवलाय, कुठल्या इन्स्ट्रक्शनवर फॉल्ट येऊ शकतो आणि त्या क्षणी कशाची काय अवस्था असते हे त्यांना माहीत असतं. फॉल्ट सी लायब्ररीच्या आत आला तर तेही हात वर करतात आणि प्रोसेस मरते. तुमचा इंटरप्रिटर पूर्णच सी मध्ये आहे, म्हणजे तुम्ही कायम त्या दुसऱ्या बाजूला.

आता खरोखर मेमरी संपते तेव्हा. हा दिवस येणारच आहे, एखादं पोट्टं ‘जोवर खरे’ लिहून यादीत जोडत राहणारच, आणि त्याने तसं करावंच, त्याशिवाय शिकणार कसं.

इथे पहिली अडचण लिनक्सची. मॅलॉकने नल दिला की एरर द्यायचा असं तुम्ही कोडमध्ये सगळीकडे लिहिलंत तरी बहुतेक वेळा तो नल येणारच नाही. लिनक्स जागा कबूल करून टाकतो आणि खरं पान तुम्ही हात लावल्यावर देतो, आणि तेव्हा रॅम उरली नसेल तर ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) कोणालातरी निवडून सिगकिल पाठवतो, जो पकडता येत नाही. पायथॉनमध्येच करून बघा. एका शून्याच्या यादीला दहाच्या पंधराव्या घाताने गुणा, ताबडतोब मेमरी एरर येईल, कारण एवढा पत्त्यांचा विस्तारच प्रोसेसला नाही, मॅलॉक तोंडावर नाही म्हणतो. तीच यादी लूपमध्ये हळूहळू वाढवा, आधी मशीन रांगायला लागेल आणि मग शेलवर नुसतं ‘किल्ड’ दिसेल. म्हणजे पायथॉनचा प्रॉम्प्ट जागेवर राहतो हे तुमचं निरीक्षण अर्धंच बरोबर आहे.

म्हणून मर्यादा तुम्हीच घाला. सगळं मेमरी मागणं-सोडणं एकाच फंक्शनमधून जाऊ द्या. लुआ या छोट्या स्क्रिप्टिंग भाषेची रचना बघा, नवीन स्टेट तयार करताना तुम्ही तिला एक अलोकेटर फंक्शन देता, लुआ त्याला जुना पॉइंटर, जुना आकार आणि नवा आकार सांगते, बस, घेणं, वाढवणं, सोडणं सगळं त्या एकातच. जुना आकार मिळत असल्यामुळे एकूण किती बाइट बाहेर आहेत हे एका काउंटरमध्ये मोजता येतं. तो काउंटर समजा ६४ एमबीच्या वर जाणार असेल तर स्वतःच नल द्या. पीएचपीची मेमरी लिमिट हेच करते, तिचा तो १३,४२,१७,७२८ बाइट संपल्याचा एरर वेबसाइट करणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणजे डीफॉल्ट १२८ एमबी. शाळेच्या पोरांना ६४ भरपूर झाले. यासोबत प्रोसेसवर आरलिमिट-एएसची (कर्नलने घातलेल्या मर्यादेची) दुसरी भिंत घाला, पण ती सैल ठेवा, कारण ती व्हर्च्युअल पत्ते मोजते आणि प्रत्येक थ्रेडचा स्टॅकच ८ एमबी पत्ते घेऊन बसतो, आणि ॲड्रेस सॅनिटायझरच्या बिल्डला ती लावूच नका, सुरूच होणार नाही.

नल आल्यावर लगेच एरर फेकू नका, आधी एकदा पूर्ण गार्बेज कलेक्शन (कोणी वापरत नाही ती मेमरी शोधून सोडणं) करा आणि परत मागून बघा. लुआत ५.२ पासून हे आहे, आणि त्या तातडीच्या कलेक्शनमध्ये ती फायनलायझर (ऑब्जेक्ट सोडताना चालवायचा वापरणाऱ्याचा कोड) चालवत नाही, कारण मेमरी नसताना वापरणाऱ्याचा कोड चालवणं म्हणजे अजून मेमरी मागणं. पण सावध, हे केलं की प्रत्येक अलोकेशन ही कलेक्शनची जागा होते. नवीन स्ट्रिंग बनवली, ती अजून कुठल्याच रूटला (जिथून कलेक्शन वापरातली ऑब्जेक्ट शोधायला लागतं त्या जागेला) लावली नाही, आणि तेवढ्यात दुसरं ऑब्जेक्ट मागितलं, तर पहिली स्ट्रिंग कचरा समजून उचलली जाणार. नव्या इंटरप्रिटरमधला सगळ्यात जास्त भेटणारा बग हाच. त्यासाठी एक स्विच ठेवा की प्रत्येक अलोकेशनला पूर्ण कलेक्शन झालंच पाहिजे, रुबीत जीसी स्ट्रेस नावाने तो तयार मिळतो. बैलगाडीच्या वेगाने चालेल, पण असले बग पहिल्याच मिनिटाला वर येतील.

तरीही नाही मिळालं तर एरर द्यायचा, आणि एरर द्यायलाही मेमरी लागते, हे लोक विसरतात. एररचं ऑब्जेक्ट, त्यातला मेसेज, त्याला चिकटवायचा ओळ नंबर. म्हणून इंटरप्रिटर सुरू होतानाच ते बनवून ठेवा. लुआ मेमरी संपल्याच्या मेसेजची स्ट्रिंग सुरुवातीलाच करून ठेवते आणि या एररसाठी मेसेज हँडलरसुद्धा बोलावत नाही. सीपायथॉन (सी मध्ये लिहिलेला नेहमीचा पायथॉन) १६ मेमरी एरर ऑब्जेक्ट आधी बनवून बाजूला ठेवतो. पर्लमध्ये तर अशा वेळेसाठी राखीव साठ्याचं खास व्हेरिएबलच आहे, फक्त पर्ल तसं बिल्ड केलेलं असावं लागतं. तुम्ही ६४ केबीचा एक राखीव तुकडा ठेवा, एरर आला की तो मर्यादेतून मोकळा करा, प्रॉम्प्टवर पोचून सफाई झाली की परत घ्या.

मग प्रॉम्प्टपर्यंत यायचं कसं? इथे लाँगजंप चालतो, आणि तुम्हाला हे उलटसुलट वाटेल म्हणून सांगतो. लुआ सी मध्ये बिल्ड केली की एररसाठी सेटजंप-लाँगजंपच वापरते. फरक हा की ती उडी तुमच्या स्वतःच्या अलोकेटरच्या दारातून निघते, कुठलंही लॉक हातात नसताना, आणि तिथे पोचायच्या आधी कुठल्या ऑब्जेक्टची काय अवस्था असेल हे तुम्ही ठरवू शकता. म्हणून क्रम पाळा, आधी जागा मागा, मिळाल्यावरच क्षमता आणि पॉइंटर बदला. आणि रियलॉकचा निकाल त्याच व्हेरिएबलमध्ये टाकू नका, नल आला तर जुनी यादी हरवते.

एक बारीक गोष्ट जी पायथॉनमध्येही लोकांना चावते. एक्सेप्शनला ट्रेसबॅक (एरर कुठून कुठून आला त्याची नोंद) चिकटलेला असतो, ट्रेसबॅकला फ्रेम (एकेका फंक्शन कॉलची नोंद), फ्रेमला लोकल व्हेरिएबल, आणि त्यातच ती अवाढव्य यादी असते. म्हणजे एरर पकडलाय पण मेमरी सुटलीच नाही. पायथॉनचा प्रॉम्प्ट तर न पकडलेला शेवटचा एरर नंतर बघता यावा म्हणून सिस मॉड्यूलमध्ये जपून ठेवतो, त्यामुळे पुढची साधी ओळही परत मेमरी एरर देऊ शकते. तुमच्या प्रॉम्प्टने शेवटच्या एररचा फक्त मजकूर ठेवावा, फ्रेम सोडून द्याव्या, मग कलेक्शन करावं, आणि त्यानंतर पोराला मेसेज दाखवावा.

हे सगळं लिहून झालं तरी चालेलच असं नाही, कारण हा कोड एरवी कधी चालतच नाही. तो मुद्दाम चालवावा लागतो. अलोकेटरमध्ये एक आकडा ठेवा, इतकावं अलोकेशन नापास कर. एक छोटा टेस्ट प्रोग्राम घ्या, पहिलं अलोकेशन नापास करून चालवा, मग दुसरं, मग तिसरं, असं वाढवत न्या, एकही नापास न होता प्रोग्राम पूर्ण होईपर्यंत. प्रत्येक वेळी दोनच गोष्टी बघायच्या, स्वच्छ एरर येऊन प्रॉम्प्ट परत आला का, आणि काउंटर मूळ जागेवर आला का. एस्क्यूलाइट डेटाबेसवाले नेमकं हेच करतात, एकदा फक्त तेवढंच अलोकेशन नापास करून आणि एकदा तिथून पुढची सगळीच नापास करून. रात्री ॲड्रेस सॅनिटायझरच्या बिल्डवर लावून झोपा. एवढं एक काम मनापासून केलंत तर तुमचा इंटरप्रिटर बऱ्याच नावाजलेल्या प्रोजेक्टपेक्षा भक्कम होईल, हे मी अतिशयोक्ती न करता सांगून राहिलो.

रिकर्शनचं, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावतं त्याचं, पटकन सांगतो. लिनक्सवर मुख्य थ्रेडला साधारण ८ एमबी स्टॅक असतो, तो संपला की तोही सिगसेगव्हीच देतो, आणि तेव्हा हँडलर चालायलाही स्टॅक नसतो, म्हणून सिगअल्टस्टॅकने वेगळा द्यावा लागतो, नाहीतर ओळ नंबरसुद्धा छापला जाणार नाही. पण तिथपर्यंत जाऊच देऊ नका, फंक्शन कॉलची खोली मोजा, पायथॉनची डीफॉल्ट मर्यादा १,००० आहे, तुम्हीही तशीच ठेवा. पार्सरमध्येही (कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागात) मोजा, कोणी हजारो उघडे कंस टाकले तर तुमचा रिकर्सिव्ह पार्सर तिथेच मरतो. आणि एक जागा कोणाच्या लक्षात येत नाही, सोडताना. यादीत यादी, त्यात यादी, अशी लाखभर खोल रचना सोडायला गेलात आणि सोडणारं फंक्शन रिकर्सिव्ह असेल तर स्टॅक तिथे संपतो, प्रोग्राम व्यवस्थित चालून शेवटी मरतो. सीपायथॉनमध्ये यासाठी ट्रॅशकॅन नावाची वेगळी व्यवस्थाच आहे.

आता उरतो खरा सेगफॉल्ट, जो सगळं करूनही कधीतरी येणारच, आणि ओओएम किलर. यासाठी इंटरप्रिटरचे दोन भाग करा. एक पालक प्रोसेस, तिच्याकडे एडिटर, चित्राची खिडकी आणि पोराने टाइप केलेलं सगळं. दुसरी बालक प्रोसेस, ती फक्त कोड चालवते, आणि दोघींमध्ये एक पाइप. ज्युपिटर नोटबुक असंच आहे, त्यातला कोड चालवणारा भाग (त्यालाही ते कर्नलच म्हणतात, पण हा ऑपरेटिंग सिस्टिमचा नाही) मेला तरी नोटबुक जागेवर राहते आणि तो परत सुरू होतो. बालक मेली की पालकाला वेटपीआयडीमधून कारण कळतं, ११ आला तर सेगफॉल्ट, ९ आला तर बहुतेक ओओएम किलर, शेलमधून बघितलं तर हेच १३९ आणि १३७ दिसतात. यात चित्राचा थ्रेड इंटरप्रिटरच्या बाहेर जातो हा वेगळाच फायदा.

पोराचं काम वाचवायला पालकाने रोजनामचा ठेवायचा. ओळ चालवायला पाठवायच्या आधी ती फाइलमध्ये लिहा आणि ‘सुरू’ अशी खूण करा, एफसिंक करा (म्हणजे ते खरोखर डिस्कवर पोचवा), बालकाकडून पूर्ण झाल्याचा निरोप आला की ‘झालं’ अशी खूण करा. बालक मेली तर नवी सुरू करा आणि ‘झालं’ असलेल्या ओळी क्रमाने परत चालवा. ज्या ओळीला ‘सुरू’ आहे पण ‘झालं’ नाही ती आपोआप चालवू नका, तीच मारेकरी आहे, चालवलीत की परत मरणार, परत सुरू होणार, आणि हे चक्र थांबणार नाही. रँडमचं बीज, वेळ, आणि पोराने कीबोर्डवरून दिलेली उत्तरंही रोजनाम्यात लिहा, नाहीतर परत चालवताना वेगळंच चित्र येईल आणि पोरगं म्हणेल हे माझं नाहीच. एफसिंकचा फायदा फक्त क्रॅशपुरता नाही, मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी लाइट जाते आणि शाळेच्या लॅबमध्ये यूपीएस असतोच असं नाही, त्यातही हेच वाचवेल.

पूर्ण फाइल सेव्ह करताना शेजारी तात्पुरती फाइल लिहा, एफसिंक करा, मग रिनेम करून जुनीवर ठेवा, म्हणजे फाइल एकतर पूर्ण जुनी असेल नाहीतर पूर्ण नवी. आणि मरता मरता बालकाकडून काहीही सेव्ह करून घेऊ नका. ईमॅक्स मरताना ऑटोसेव्ह करतो हे खरं, पण तो वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहितो, मूळ फाइलीला हात लावत नाही, आणि नंतर ती घ्यायची की नाही हे माणूस ठरवतो.

शेवटी तुम्ही विचारलंय की पोरांना स्क्रीनवर काय दाखवायचं. मेमरी संपली असेल तर ते त्यांच्या प्रोग्रामबद्दल आहे, ओळ नंबर द्या, कुठली यादी किती मोठी झाली होती ते सांगा, आठवीच्या पोराला त्यातून बरोबर कळतं की लूप थांबतच नाहीये. सेगफॉल्ट असेल तर सरळ लिहा: ‘ओळ १४ चालवताना इंटरप्रिटर बंद पडला, ही चूक इंटरप्रिटरची आहे. ओळ १ ते १३ परत चालवल्या आहेत. ओळ १४ चालवलेली नाही, ती खाली आहे, हवी तर बदलून चालवा.’ आणि त्याच क्षणी रोजनामचा आणि फॉल्टची नोंद एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा, शाळेच्या मॅडमनी पेनड्राइव्हवर तुम्हाला आणून दिलं तरी तुम्ही घरी बसून तोच क्रॅश परत घडवू शकाल.